गाय किती लिटरची?

लातूरकडच्या माणसाला डिसेंबर-जानेवारीत मधेच एका दिवसाची सुट्टी कशाला हवी असते, हे पुण्यातल्या मॅनेजरला समजावणं फार अवघड काम आहे. ख्रिसमस नाही, संक्रांत नाही, अमावस्येची सुट्टी? हो, अमावस्येचीच. वेळ अमावस्या, आमच्या भाषेत येळवस. त्या दिवशी आमच्याकडची गावं ओस पडतात, सगळी माणसं शेतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, तिच्यात पाच पांडव मांडून पूजा करायची आणि मग भज्जी, उंडे, खीर आणि मडक्यातली आंबील पोट फुटेस्तोवर हाणायची. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ आणि ताक. बाकी मीठ, लसूण वगैरे ज्याचं त्याचं.

गेल्या येळवशीला मामाच्या शेतात दोन गोष्टी खटकल्या. मामाचं गाव उदगीरहून देवणीकडे जाताना लागतं. एक म्हणजे कोप अगदीच चार पेंढ्यांची होती, आणि त्याही विकत आणलेल्या. मामाच्या रानात आता सगळं सोयाबीन आणि मग हरभरा. ज्वारी पेरली तर कडबा येणार ना! आणि दुसरी म्हणजे आंबिलीतलं ताक प्लॅस्टिकच्या पिशवीतलं होतं. मामी दाताने पिशवीचा कोपरा फोडत होती आणि तिच्या मागे दहा पावलांवर बाभळीला गाय बांधलेली होती. चांदी. देवणी, पांढरीशुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळा रंग.

"गाय असून ताक विकतचं?" मी आपलं पुण्याहून आलेल्या माणसाचं हक्काचं ज्ञान पाजळलं.

"भाकड हाय ती. सात महिन्याची गाभण." मामी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर 'हे शिकून काय उपयोग' असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

जेवणं झाल्यावर मामा कोपेजवळ टेकला आणि म्हणाला, "चांदीला इकावं म्हनूलालो. तू काम्पूटरवर हिशोब करतोस की. एकदा मांड बरं." मी हो म्हणालो, पण पोटात गोळा आला. कारण हा हिशोब मी आधी एकदा मांडला होता आणि तो सपशेल चुकला होता.

२०१२ ची गोष्ट. मला नोकरी लागून दोन वर्षं झाली होती आणि जगातला कुठलाही प्रश्न एक्सेल शीटमध्ये बसतो अशी माझी ठाम समजूत होती. मामाला शीट करून दिली. दोन एचएफ गाई, प्रत्येकी १५ लिटर, गुणिले ३०० दिवस, गुणिले भाव. वजा खुराक, वजा डॉक्टर, वजा हप्ता. खाली हिरव्या रंगात नफा. मामाने कर्ज काढलं आणि दोन गाई आणल्या. पहिली दोन वर्षं खरंच बरी गेली, मी नातेवाईकांत मिरवून घेतलं. मग दुष्काळ आला. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, ती तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. तेव्हा मामाच्या गावात माणसांनाच टँकरचं पाणी, तेही वाटून. दुभती एचएफ उन्हाळ्यात दिवसाला ऐंशी-शंभर लिटर पाणी सहज पिते. माझ्या शीटमध्ये पाण्याचा कॉलमच नव्हता! दोन्ही गाई निम्म्याहून कमी किमतीत गेल्या, हप्ते मात्र पूर्ण भरावे लागले. त्या उन्हाळ्यात दावणीला टिकली ती फक्त चांदीची आई. वाळका कडबा आणि मिळेल तेवढं पाणी, यावर.

मामाने मला त्याबद्दल कधी एक शब्दही ऐकवला नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून या वेळी शीट उघडण्याआधी मी जरा अभ्यास केला. ऑफिसमध्ये जेवताना या विषयावर बोललो तेव्हा लक्षात आलं की आपण सगळे दिवसातून चार वेळा दुधाचा चहा पितो, पण गाईबद्दल आपल्याला काही म्हणजे काही माहीत नाही. कँटीनच्या टेबलावर जे प्रश्न आले, त्याच क्रमाने जातो. आणि माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. मराठवाड्याच्या गाईला 'किती लिटर देते' हा एकच प्रश्न विचारणं चुकीचं आहे. सरकारही तेच विचारतं, शहरातला गिऱ्हाईकही तेच विचारतो, आणि त्यातून या गाई संपत चालल्यात.

गाय रोज दूध देते ना?

नाही हो. हा प्रश्न एका आयआयटीवाल्याने विचारला होता, त्यामुळे तुम्हाला माहीत नसेल तर लाजू नका. गाय व्याल्याशिवाय दूध नाही. नऊ महिने नऊ-दहा दिवस गाभण, अगदी बाईसारखंच. व्यायल्यावर साधारण दहा महिने दूध, ते हळूहळू कमी होत जातं. पुढच्या वासराआधी निदान दोन महिने तिला 'आटवायची', म्हणजे धार काढणं बंद, कासेला विश्रांती. या काळातली गाय भाकड. शेतकऱ्याला तिला तेव्हाही खाऊ घालावं लागतं. एका व्यायण्यापासून दूध आटेपर्यंतच्या काळाला वेत म्हणतात. शास्त्रीय हिशोब दर वर्षाला एक वासरू असा आहे, पण तो पुस्तकात. आमच्याकडे दोन वेतांत चौदा-पंधरा महिने सहज जातात.

आणि दूध म्हणजे नळ नव्हे. एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून चारशे-पाचशे लिटर रक्त फिरावं लागतं. गाय 'नुसती उभी असते' असं वाटत असेल तर हा आकडा लक्षात ठेवा.

मग वासराला उपाशी ठेवून दूध काढतात का?

गाय दूध कासेत धरून ठेवते. वासराने सड चोखले, ढुसण्या दिल्या की तिच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि मिनिटभरात दूध खाली उतरतं. यालाच पान्हा म्हणतात. एचएफसारख्या गाई पिढ्यानपिढ्या निवडून अशा केल्यात की वासरू नसलं तरी, सड धुतल्याच्या स्पर्शाने किंवा यंत्रानेही पान्हा सोडतात. आमच्या देवणीचं तसं नाही. वासरू समोर नसेल तर ती ढिम्म. त्यामुळे आधी वासराला पाजायचं, मग धार काढायची, मग उरलेलं परत वासराला. मामी दोन सड वासराला सोडते. हा उदारपणा नाही, नियमच आहे. वासरू मेलं की बहुतेक दूधही गेलं.

काही ठिकाणी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन टोचून पान्हा काढतात हे खरं आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते टोचणं बेकायदा आहे आणि गाईच्या जिवावर येतं. पण त्यावरून सगळ्या शेतकऱ्यांना एकाच मापाने मोजू नका.

मग देशी गाय इतकं कमी दूध का देते?

हा खरा प्रश्न. देवणी गाय एका वेतात सरासरी साडेआठशे-नऊशे लिटर दूध देते. चौदा-पंधरा महिन्यांच्या फेऱ्यात हे भागलं तर दिवसाला दोन लिटर! चांगला सांभाळलेला एचएफ संकर वेताला तीन हजाराच्या घरात जातो. आता एक्सेल लावा. दोन लिटरचे, पस्तीस रुपये भावाने, सत्तर रुपये. त्यात कडबा, सरकी पेंड आणि माणसाचे दोन तास. गेली की गाय!

पण थांबा. देवणी काय दुधासाठी घडवलेली गाय आहे का? निजामाच्या राज्यात, उदगीर-देवणी-निलंगा ते पलीकडे भालकी-बिदर या पट्ट्यात, शेतकऱ्यांनी गीर, डांगी आणि गावठी रक्तातून ही जात घडवली. हेतू दोन होते. घरापुरतं दूध आणि काळ्या भारी जमिनीत चालणारा बैल. तिचे तीन रंग लोक अजून नावाने ओळखतात. पांढरं अंग आणि तोंडाच्या बाजू काळ्या ती वानेरा, पोटाच्या खालच्या बाजूला काळे ठिपके ती बाळंक्या, अंगभर काळे पट्टे-डाग ती शेवरा. म्हणजे चांदी वानेरा.

माझी मावशी मुखेडला दिली आहे, नांदेड जिल्ह्यात. तिच्याकडे लाल कंधारी. कंधार, मुखेड, बिलोली हा तिचा मुलूख. अंग गडद तांबडं, बैल तर जवळजवळ काळपट लाल. लाल कंधारी वेताला सहाशे लिटरच्या आसपास दूध देते, म्हणजे देवणीहूनही कमी. मावशीचे यजमान तिच्या दुधाबद्दल कधी बोलतच नाहीत. ते बोलतात माळावर, मुरमाड उतारावर, जिथे ट्रॅक्टर नीट वळत नाही तिथे चालणाऱ्या जोडीबद्दल. लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तिथे लाल कंधारीची प्रदर्शनं असतात. शेतकरी खोंडाभोवती फिरून त्याचे खूर, खांदा, शिंगं बघतात. आईचं दूध विचारणारा एखादाच.

म्हणजे या गाईच्या खतावणीत दोन बाजू होत्या. एका बाजूला दूध आणि शेण, दुसऱ्या बाजूला बैल. दुधाची बाजू बारीक होती, बैलाची जाड. चांगली जोडी आजही लाखाच्या पुढे जाते. आपण जाड बाजू पुसून टाकली आणि बारीक बाजूकडे बोट दाखवून म्हणतो, 'परवडत नाही'. माझ्या २०१२ च्या शीटचीही तीच चूक होती. पाण्याचा कॉलम नव्हता, तसा बैलाचाही नव्हता.

बैल गेला कुठे?

ट्रॅक्टरने नेला, हे अर्धं उत्तर. पाच एकरवाला भाड्याने ट्रॅक्टर लावून दोन तासांत मोकळा होतो, मग वर्षभर जोडी कशाला सांभाळेल? यात त्याचं काही चुकत नाही. नांगराच्या मागे चालायची हौस आपल्याला असते, कारण आपण कधी चाललेलो नसतो.

दुसरं कारण चाऱ्याचं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत लातूर-नांदेडची जमीन सोयाबीनकडे वळली. ज्वारीचं पीक माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा एकदमच देतं. सोयाबीन फक्त पैसे देतं, तेही भाव असला तर. त्याचं भुसकट जनावर नाइलाजाने खातं. मामाच्या येळवशीची कोप चार पेंढ्यांची झाली ती यामुळे.

आणि तिसरं कारण कायद्याचं. हा विषय काढला की लोक लगेच दोन गटांत विभागतात, त्यामुळे मी फक्त हिशोब सांगतो. गाईची कत्तल महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्यानेच बंद होती. मार्च २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस आणि रेडा नाहीत. तोवर शेतकरी काय करायचा? जोडी थकली की बाजारात विकायचा आणि त्या पैशात भर घालून तरणी जोडी घ्यायचा. जुनी गाडी देऊन नवी घेतो तसं. हाळी-हंडरगुळीचा बाजार अशाच व्यवहारांवर चालायचा. थकल्या बैलाची किंमत शून्याकडे गेली की नवी जोडी तेवढ्याने महाग होते, आणि गोऱ्ह्याच्या जन्माचा आनंदही तेवढ्याने कमी होतो. म्हशीला ही अडचण नाही, शिवाय तिच्या दुधाला फॅट जास्त म्हणून भावही जास्त. मग शेतकरी म्हशीकडे वळला तर त्याचं काय चुकलं? तुमची श्रद्धा काहीही असो, थकलेलं जनावर मरेपर्यंत सांभाळायचा खर्च कोणी करायचा, या प्रश्नाचं उत्तर कायद्याने दिलेलं नाही. तो खर्च चुपचाप मामाच्या नावावर टाकला.

पण आता ए२ दुधाला किती मागणी आहे!

आमच्या टेबलावरच्या निम्म्या लोकांचं हे उत्तर होतं. देशी गाय, ए२ दूध, काचेची बाटली, दुप्पट भाव, प्रश्न मिटला. आता हे ए२ काय प्रकरण आहे ते बघू. दुधात बीटा-केसीन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या साखळीत ६७ व्या जागी प्रोलीन असेल तर ए२, हिस्टिडीन असेल तर ए१. बास, एवढाच फरक. ए१ पचताना एक विशिष्ट तुकडा सुटतो आणि त्याने आजार होतात असा दावा आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ मध्ये हे सगळं तपासलं आणि आजारांशी कार्यकारण संबंध सिद्ध होत नाही असं सांगितलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये एफएसएसएआयने पाकिटांवरून ए१-ए२ चे दावे काढायला सांगितलं आणि पाच दिवसांत ते पत्र मागेही घेतलं. काय समजायचं ते समजा.

गंमत म्हणजे आपल्या म्हशीचं दूधही जवळजवळ सगळं ए२च असतं. म्हणजे कोपऱ्यावरच्या डेअरीतून म्हशीचं दूध आणणारे सगळे आयुष्यभर ए२ पीत आलेत, बिनबाटलीचं.

पण माझा आक्षेप विज्ञानावर नाही. बाटलीवर बहुतेक वेळा गीर किंवा साहिवाल असते, कारण त्या मुळातच जास्त दूध देणाऱ्या देशी गाई. दोन लिटरवाल्या देवणीभोवती बाटलीचा धंदा उभा राहत नाही. बाटलीवाल्यालाही शेवटी लिटरच हवेत. आणि त्या फार्मवरच्या गोऱ्ह्यांचं काय होतं हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. एकदा विचारून बघा. मी दोन ठिकाणी विचारलं. एकाने विषय बदलला, दुसऱ्याने फोन ठेवला.

सरकार काही करत नाही का?

करतं की! पण कसं करतं ते बघा. २०२४ मध्ये दुधाचे भाव पडले तेव्हा राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे आधी ५ आणि नंतर ७ रुपये अनुदान दिलं. लिटरमागे! म्हणजे दोनशे लिटरवाल्या गोठ्याला दिवसाला चौदाशे, आणि चांदी दुधात असती तरी मामाला चौदा रुपये. तेही डेअरीला घातलं तर. घरी नातवंडं प्यायली तर शून्य.

मग ३० सप्टेंबर २०२४ ला सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' म्हणून जाहीर केलं. त्या आदेशात देवणी आणि लाल कंधारीची नावं आहेत, वाचून मला खरंच बरं वाटलं. त्याच दिवशी देशी गाईंसाठी दर दिवशी दर गाईमागे ५० रुपये मंजूर केले. कोणाला? गोशाळांना.

आता हिशोब मांडा. चांदी मामाच्या दावणीला आहे तोवर ती सरकारच्या लेखी शून्य रुपयांची. मामाने तिला सोडून दिली आणि ती गोशाळेत पोचली की पन्नास रुपये रोजची. मी कोड लिहितो, त्यामुळे सवयीने विचार करतो की ही सिस्टिम कशाला बक्षीस देते आहे. ही सिस्टिम गाय सांभाळण्याला नाही, सोडण्याला बक्षीस देते. लिहिणाऱ्याच्या मनात तसं नसणार, पण बग हा असाच असतो.

गोशाळांना विरोध नाही. थकल्या जनावराला कुठेतरी आसरा हवाच. पण गोशाळेत जात टिकत नाही. जात टिकते ती जिथे गाय गाभण राहते, वासरू निवडलं जातं, चांगल्या खोंडाला वळू म्हणून राखलं जातं तिथे. म्हणजे दावणीला.

संपली जात तर संपू दे, काय बिघडतं?

हा प्रश्न एका मित्राने सरळ विचारला आणि मला आवडला, कारण तो प्रामाणिक आहे. एचएफ ही हॉलंड आणि उत्तर जर्मनीच्या थंड, ओल्या कुरणांतली गाय. नांदेडचा मे महिना ४२-४३ अंशांचा. देशी गाईची सैल कातडी, घामाच्या जास्त ग्रंथी, कमी भूक, निकृष्ट चाऱ्यावर तग धरणं हे सगळं शेकडो वर्षांच्या उन्हाने घडवलंय. उन्हाळे आणखी कडक होणार हे आपण सगळेच म्हणतो. अशा वेळी ही जात पुसून टाकणं म्हणजे प्रॉडक्शन सर्व्हरचा एकमेव बॅकअप जागा अडते म्हणून डिलीट करणं. नंतर कितीही पैसे दिले तरी तो परत येत नाही.

आणि दूध वाढतच नाही असंही नाही. ब्राझीलने आपली गीर नेली आणि कित्येक पिढ्या दुधाच्या नोंदी ठेवून निवड करत तिला जगातल्या नावाजलेल्या दुभत्या गाईंत आणून बसवलं. जादू नव्हती, नोंदवही होती. आपण मात्र एका खोंडाची निवड गावच्या आठवणीवर करतो. चांदीच्या कानात बारा अंकी पिवळा बिल्ला आहे, म्हणजे डेटाबेसमध्ये ती आहे. पण तिच्या आईने किती दूध दिलं, तिचे भाऊ नांगराला कसे चालले, हे फक्त मामाच्या डोक्यात आहे. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीला आहे. दोन-चारशे दावणींच्या अशा नोंदी वीस वर्षं नेटाने ठेवल्या तर काय होईल?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. अनुदान द्यायचंच असेल तर नोंदणीकृत जातीची गाय शेतकऱ्याच्या दावणीला व्यायली, वासरू जगलं, बिल्ल्यावर नोंद झाली, याला द्या. लिटरला नको. खोट्या नोंदी होतील म्हणाल, तर त्या गोशाळेतही होऊ शकतात. ज्वारी पेरणाऱ्याला दोन पैसे जास्त द्या, कडबा आपोआप येईल. आणि एचएफवाल्या शेतकऱ्याला नावं ठेवू नका. ज्याच्याकडे पाणी आहे, हिरवा चारा आहे, त्याने ती जरूर पाळावी. आपला सकाळचा चहा त्याच्याच जिवावर आहे. फक्त ज्याच्याकडे पाणी नाही त्याला ती घ्यायला लावू नका. हे मी कोणाला सांगतोय ते तुमच्या लक्षात आलं असेलच.

असो. तर चांदीचा हिशोब. मी शीट केली, या वेळी पाण्याच्या कॉलमसकट. शेण धरलं, घरचं दूध बाजारभावाने धरलं, गोऱ्हा झाला तर अडीच-तीन वर्षांनी जोडीतला एक म्हणून धरला. तरीही आकडा उणेच आला. फार नाही, पण उणे. मी मामाला खरं ते सांगितलं. आकडा म्हणतो विक. मी म्हणतो विकू नको, आणि तो उणे आकडा तुझ्या एकट्याचा नाही.

मामा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मागच्या टायमाला तुझा आकडा लई मोठा होता बग."

चांदी फाल्गुनात व्यायली. मामीचा फोन आला, "गोऱ्हा झालाय." आजोबांच्या काळी गोऱ्हा झाला की घरात गूळ वाटायचे. मामीच्या आवाजात गूळही नव्हता आणि दुःखही नव्हतं, नुसती बातमी होती. वानेराच आहे म्हणाली, आईसारखा. चिकाचा खरवस केला होता, मला पाठवता येत नाही म्हणून हळहळली.

या वर्षीचा कडबा मी घेऊन दिलाय. अडीचशे पेंढ्या, वैरणीच्या गंजीचा फोटो मामाने पाठवला. हे काही उत्तर नाही, मला माहीत आहे. प्रत्येक दावणीला पुण्यातला भाचा नसतो. माझ्यापुरती ती २०१२ च्या शीटची परतफेड आहे, तीही हप्त्याने. मामाने गोऱ्ह्याला विकायचं का ते दोन वर्षांनी ठरवू म्हटलंय. मावशीच्या यजमानांनी मात्र मुखेडहून येऊन त्याचे खूर बघून घेतले.